सातबाऱ्याचे नमुने, वेबपानाचे फॉर्म

१/ ठाणे जिल्ह्यातील डोंबिवलीच्या इमारतींखाली गेलेल्या शेतांचा इतिहास सातबाऱ्यात आहे. सातबारा म्हणजे दोन नमुन्यांची जोडणी: गाव नमुना ७ हा अधिकार अभिलेख, गाव नमुना १२ ही पिकांची नोंदवही. नमुना ओळखला जातो तो क्रमांकावरून.

२/ नोव्हेंबर १९९५ मधील एचटीएमएल २.० या प्रमाणकाने वेबपानालाही नमुने, म्हणजे फॉर्म, दिले. क्रमांक मात्र दिले नाहीत. म्हणून स्क्रिप्टला ‘पानावरचा दुसरा फॉर्म’ सांगणे धोक्याचे. वर एक शोधपेटी वाढली, की दुसरा तिसरा होतो.

३/ फॉर्म ओळखावा तो रकान्यांच्या नावांवरून: जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक हे चारही जिथे आहेत, तोच आपला. अन्यथा भलत्याच फॉर्मचे उत्तर आपण इतिहास म्हणून मांडू.