विमानाच्या चाकांची देखभाल व सुरक्षितता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. येथे प्रवासी विमानतळ नाही. तथापि, सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुवा यांसारख्या दुर्गम तालुक्यांतील अत्यवस्थ रुग्णांचा विचार करता हवाई रुग्णवाहिकेचा प्रश्न या जिल्ह्याला परका नाही. अशा सेवेची विश्वासार्हता ज्या घटकांवर अवलंबून असते, त्यांपैकी विमानाचे चाक हा एक दुर्लक्षित घटक होय. त्याचा इतिहास प्रस्तुत लेखात संक्षेपाने मांडला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईत जुहू येथे उतरले. त्या छोट्या विमानाची चाके स्थिर होती. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलमय होत असल्याने ही सेवा पुण्यास हलवावी लागे. पुढे विमानांचे वजन व वेग वाढला, चाके विमानाच्या पोटात ओढली जाऊ लागली आणि धोक्याचे स्वरूप पालटले.

अपघात व नियम

३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत अतितप्त ब्रेकमुळे टायर फुटून विमान कोसळले व १६७ जण मृत्युमुखी पडले. त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. त्यानंतर मोठ्या विमानांच्या टायरमध्ये नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू भरणे सक्तीचे होत गेले. ११ जुलै १९९१ रोजी जेद्दाह येथे नायजेरियन यात्रेकरूंच्या विमानातील २६१ जणांचा अंत झाला. टायरमधील दाब कमी असल्याचे तंत्रज्ञांना आधीच ठाऊक होते. परंतु उड्डाणास विलंब नको म्हणून दुरुस्ती झाली नाही. एका टायरचा भार शेजारच्या टायरवर पडला, तो फुटला, घर्षणाने आग लागली आणि ओढून घेतलेल्या चाकांसह ती विमानाच्या आत शिरली.

म्हणूनच थंड टायरचा दाब नियमितपणे मोजणे, बेअरिंगची तपासणी करणे व चाकातील सूक्ष्म तडे शोधणे यांना महत्त्व आहे. चाकातील वितळणारी बुचे अतितप्त टायरमधील वायू हळूहळू बाहेर सोडतात. मात्र अपुरा दाब ती भरून काढू शकत नाहीत.

महाराष्ट्रातील अनुभव

६ मे २०२१ रोजी, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, नागपूरहून उडालेल्या हवाई रुग्णवाहिकेचे एक चाक उड्डाणाच्या वेळीच निखळले. विमान मुंबईकडे वळविण्यात आले. धावपट्टीवर फेस पसरून ते पोटावर उतरविण्यात आले. रुग्णासह पाचही जण बचावले. १२ सप्टेंबर २०२५ रोजी कांडलाहून मुंबईस निघालेल्या प्रवासी विमानाचे बाहेरील चाक निखळून कांडलाच्या धावपट्टीवर आढळले. तेही विमान मुंबईत सुखरूप उतरले.

निष्कर्ष

वैमानिकाचे कौशल्य व विमानतळाची सज्जता ही संरक्षणाची अखेरची फळी होय. पहिली फळी उड्डाणापूर्वी जमिनीवरच उभी राहते. जेद्दाहच्या दुर्घटनेत ज्ञानाची उणीव नव्हती. तंत्रज्ञाच्या शब्दाला वेळापत्रकापेक्षा अधिक मान मिळाला नाही. दुर्गम जिल्ह्यांसाठी हवाई सेवेची आखणी करताना धावपट्टीइतकेच या तंत्रज्ञाच्या अधिकारालाही स्थान मिळणे अगत्याचे आहे.