गडावरची झाडे आणि आपले परस



परसात नि कुंपणाला कोणते झाड लावावे, हा प्रश्न आजचा नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५-१६ च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ लिहिले. ग्रंथ राज्यकारभाराचा, पण गडावर काय लावावे तेही त्यात सांगितले आहे. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ ही थोर झाडे, लिंबू-नारिंग ही लहान झाडे, शिवाय फुलझाडे नि वेली. अडचणीच्या वेळी लाकूड गडावरच मिळावे, हा हिशेब. आरमाराला लाकूड हवे असले, तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, अशीही त्यात ताकीद आहे. झाड काही वर्षा-दोन वर्षांत उभे राहत नाही!

पुढे नुसत्या शोभेसाठी झाडे आली. घाणेरी, म्हणजेच टणटणी, मूळची अमेरिकेकडची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली, ती रंगीत फुलांसाठी. पाखरांनी फळे खाल्ली, बी रानोमाळ नेले. आज ती गायरानात गवताला वर येऊ देत नाही. टंचाईत जनावराने पाला खाल्ला तर विषबाधा होते, कावीळ होते, उन्हात कातडी सोलते.

म्हणजे बाहेरचे सगळेच वाईट का? तसे नाही. मिरची नि पेरूही अमेरिकेतूनच आले. पण ते आपल्याला खायला घालतात.

तेव्हा परसाची आखणी अशी करा. कुंपणाला करवंद किंवा सागरगोटा लावा. काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही. मधल्या जागी निरगुडी नि अडुळसा लावा. यांचा पाला गुरे सहसा खात नाहीत, आणि घरच्या औषधाला तो उपयोगी पडतो. पावसाळी वारा येतो त्या पश्चिमेच्या अंगाला करंज नि कडुनिंब लावा, पण घराच्या भिंतीपासून दूर. न्हाणीच्या पाण्यावर अळू नि केळ, स्वयंपाकघराजवळ कढीपत्ता नि शेवगा.

खड्डे उन्हाळ्यातच घेऊन ठेवा. चांगला पाऊस झाला की रोपे लावा; निरगुडी-अडुळशाच्या फांद्या खोचल्या तरी जगतात. बांधावर टणटणी असेल, तर फळे धरण्याआधी मुळासकट खणून काढा. नुसती छाटाल तर ती पुन्हा फुटेल.

आणि नवे रोप घरी आणताना एवढे विचारा, बरं का: फुले गळून गेल्यावर हे आपल्याला काय देणार?