६,००० प्रती आणि २३० पौंड

१/६
डिसेंबर १८४३. लंडनमध्ये चार्ल्स डिकन्स यांचे 'अ ख्रिसमस कॅरोल' प्रसिद्ध झाले. आज जगभर वाचल्या जाणाऱ्या या कथेच्या छपाईचा खर्च खुद्द लेखकानेच सोसला होता.

२/६
त्या वर्षी त्यांची 'मार्टिन चझलविट' ही क्रमशः निघणारी कादंबरी अपेक्षेइतकी खपेना. करारातील कलमावर बोट ठेवून चॅपमन अँड हॉल या प्रकाशकांनी दरमहा ५० पौंड कापण्याची भाषा केली. घरात पाचवे अपत्य येऊ घातले होते. डिकन्स दुखावले.

३/६
नव्या कथेसाठी त्यांनी एकरकमी मानधन घेतले नाही. खर्च लेखकाचा, नफाही लेखकाचा. प्रकाशकांकडे केवळ दलालीवर विक्री. सुमारे सहा आठवड्यांत लेखन संपले.

४/६
लाल कापडी बांधणी, सोनेरी कडा, जॉन लीच यांची हाताने रंगवलेली चार चित्रे. थाट असा, परंतु किंमत अवघी ५ शिलिंग.

५/६
१९ डिसेंबरला प्रकाशन झाले. नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत ६,००० प्रती संपल्या. अपेक्षा १,००० पौंडांची होती. हाती आले सुमारे २३०. सजावटीनेच नफा गिळला होता.

६/६
जानेवारी १८४४ मध्ये चोरटी आवृत्ती निघाली. डिकन्स यांनी खटला जिंकला. मात्र प्रतिवादींनी दिवाळे काढले आणि ७०० पौंडांचा कोर्टखर्च विजेत्याच्याच माथी आला. वाचकांनी पुस्तक डोक्यावर घेतले, तरी लेखकाचे घर केवळ खपावर चालत नाही. प्रतीमागे उरते काय, हा हिशोब छपाईपूर्वीच मांडावा लागतो.