कामठीचे मृत्युपत्र आणि नागपूरचे रसायनशास्त्र

खाणीतून निघालेली संपत्ती बहुधा त्या प्रदेशात राहत नाही. ती मालगाडीने बंदराकडे जाते आणि मागे खड्डे उरतात. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांतील मँगनीजचीही पुष्कळ अंशी हीच कहाणी आहे. 1896 साली स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटने जो उद्योग आरंभिला आणि ज्याचा वारसा पुढे 1962 साली नागपुरातील ‘मॉयल’कडे आला, त्या उद्योगाने मनसर, कांद्री, डोंगरी बुजुर्ग अशा आडवाटेच्या गावांची नावे विलायतेतील पोलाद कारखानदारांच्या दप्तरी नेऊन पोहोचविली, परंतु त्या काळ्या दगडाने या प्रांताला विद्या म्हणून काही दिले असेल, तर ते कामठीच्या एका खाणमालकाच्या हातून दिले, हे नागपूरकरांनी कृतज्ञतेने स्मरले पाहिजे.

रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे ते गृहस्थ. 1923 साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ जेमतेम सात वर्षांचे असताना, म्हणजे 1930 साली, त्यांच्या मृत्युपत्रान्वये सुमारे 35 लाख रुपयांची मिळकत उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्र यांच्या अध्यापनासाठी विद्यापीठाकडे आली. मंदिर, घाट, धर्मशाळा यांसाठी देणग्या देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि तिचे मोल मी कमी लेखीत नाही; तथापि ज्या काळी रसायनाचा कारखाना म्हणजे काय, हेही या प्रांतात फार थोड्यांना ठाऊक होते, त्या काळी आपली आयुष्यभराची कमाई प्रयोगशाळेच्या नावे लिहून ठेवणाऱ्याची दृष्टी किती दूरवर पोहोचली होती, याचा विचार केला म्हणजे मन आदराने भरून येते. त्या रकमेतून, महायुद्धाच्या धामधुमीत, 1942 साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. सारे नागपूर तिला ‘एलआयटी’ म्हणते. तेलशास्त्र, रंगलेप, कागद, अन्नप्रक्रिया यांच्या बरोबरीने प्लास्टिक व पॉलिमर यांचे शिक्षणही तेथे रुजले.

पॉलिमर द्रव्ये मात्र या भूमीला अगदीच परकी नव्हती. कापूस हा सेल्युलोजच्या दीर्घ रेणुशृंखलांचाच बनलेला असतो आणि 1877 साली जमशेटजी टाटांनी नागपुरात सुरू केलेली एम्प्रेस मिल त्याच शृंखलांचे सूत कातीत होती. पळसावरची लाख हीसुद्धा निसर्गाने घडविलेली राळच. गोंदियाच्या बाजारपेठेत तिचा व्यापार चाले आणि विजेच्या यंत्रांत ती रोधक लेप म्हणून वापरली जाई. अशी द्रव्ये वीज अडवितात, हाच शास्त्राचा सर्वमान्य सिद्धांत होता. 1977 साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीनमधून वीज खेळवून दाखविली, 2000 साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, आणि जगभरच्या प्रयोगशाळांप्रमाणे नागपूर विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातही या विद्युत्वाहक द्रव्यांवर संशोधन सुरू झाले. तेथे डॉ. सुभाष कोंडावार यांनी पॉलिअ‍ॅनिलीनचे अतिसूक्ष्म तंतू आणि वायू ओळखणारे संवेदक यांविषयी केलेले काम या परंपरेतच मोडते.

हे पॉलिअ‍ॅनिलीन मूळचे गिरण्यांच्याच परिचयाचे. एकोणिसाव्या शतकात ‘अ‍ॅनिलीन ब्लॅक’ या नावाने त्याच कुळातल्या रंगाने सुती कापड काळे केले जात असे. आज तोच प्रयोग निराळ्या हेतूने होतो. बर्फात ठेवलेल्या पात्रात अ‍ॅनिलीनचे आम्लयुक्त द्रावण घेऊन त्यात सुती कापडाचा तुकडा बुडवितात आणि अमोनियम परसल्फेट थेंबाथेंबाने सोडतात. हळूहळू द्रावण निळसर होते, मग गर्द हिरवे, आणि तो हिरवा थर धाग्याधाग्यावर बसतो. धुऊन वाळविलेल्या त्या कापडातून वीज वाहते, मग ते वाकवा की गुंडाळा. अमोनियाची वाफ लागताच त्यावरील आम्लाचे प्रोटॉन हिरावले जातात, हिरवा रंग निळ्याकडे झुकतो आणि वीजरोध चढतो. शुद्ध हवेत ते बऱ्याच अंशी पूर्वस्थितीला येते. ज्या शीतगृहांत अमोनियाच्या बळावर थंडावा निर्माण केला जातो, तेथे असा चिंधीएवढा पहारेकरी मनुष्याचे प्राण वाचवू शकतो.

यात आणखी एक योग असा की, अ‍ॅनिलीनच्या रेणूंची शृंखला जुळविण्याचे काम मँगनीज डायऑक्साइडही करू शकते, आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारे तेच खनिज आजवर विजेरीच्या घटांसाठी जात आले आहे. कापूस वऱ्हाडचा आहे, खनिज भंडाऱ्याचे आहे, विद्या नागपुरात आहे. या तिहींची गाठ प्रयोगशाळेत पडते, कारखान्यात मात्र अद्याप पुरेशी पडलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचा दोष संशोधकांकडे जात नाही. भांडवल या प्रांतात निर्माण होते, पण ते ज्ञानाकडे वळत नाही.

2023 साली एलआयटीला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि दात्याचे नाव कायम राहिले. विदर्भातील आजच्या खाणमालकांना आणि कारखानदारांना माझी एवढीच विनंती आहे की, आपले मृत्युपत्र लिहिण्यास बसाल तेव्हा त्यात एक कलम प्रयोगशाळेसाठी राखून ठेवावे.