टॅलाहाची नदीकाठचा फलक

रस्त्याकडेचा स्मृतिफलक कोणी सहसा वाचत नाही, अशी आमची समजूत होती. मिसिसिपीतील टॅलाहाची नदीकाठच्या फलकाने ती खोटी ठरवली. १९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. दोघे गोरे आरोपी निर्दोष सुटले आणि पुढे त्यांनीच एका नियतकालिकात कबुली दिली, तीही पैसे घेऊन! मृतदेह जिथे काठावर आणला असे मानतात, तिथे २००८ मध्ये लावलेला पहिला फलक नाहीसा झाला. पुढच्या दोहोंवर गोळ्या झाडल्या गेल्या. २०१९ चा चौथा फलक सुमारे सव्वादोनशे किलोचा, गोळीस दाद न देणारा. दुसरा मात्र ३१७ छिद्रांसह २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडला गेला.