इंडी: नाव बाजाचं नव्हे, मालकीचं

संगीतातलं ‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’चं लघुरूप, ‘इंडिया’शी त्याचं नातं नाही. १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने ‘स्पायरल स्क्रॅच’ ही रेकॉर्ड स्वतःच्याच लेबलवर काढली आणि १९८० पासून ब्रिटनमध्ये इंडी रेकॉर्डची वेगळी विक्रीयादी निघू लागली. त्या यादीत प्रवेश ठरे तो गाण्याच्या बाजावरून नव्हे, तर रेकॉर्ड बड्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून दुकानात आली की नाही यावरून. १९८६ च्या ‘सी८६’ या संकलन-कॅसेटनंतर मात्र किणकिणत्या गिटारींच्या बाजालाच हे नाव चिकटलं. शब्दांचे अर्थ बदलतातच, हा आक्षेप रास्त आहे. पण या बदलात रेकॉर्डमागचा पैसा कुणाचा, ही माहितीच पुसली जाते. म्हणून नवा अल्बम शोधताना ‘इंडी’ या शिक्क्यावर विसंबू नये. लेबलचं नाव वाचावं आणि त्याच लेबलचे इतर बँड ऐकावेत.