वाण एक, घड वेगळे

रावेर-यावलकडच्या केळीबागेत एका ओळीत उभं राहून पाहावं. टिश्यूकल्चरची रोपं मूळ झाडाच्या कोंबातून प्रयोगशाळेत वाढवलेली, म्हणजे सगळी एकमेकांची जुळी भावंडं. तरी एक खोड वेळेवर निसवतं आणि घडाच्या भाराने वाकतं. शेजारचं मे महिन्यातल्या वादळात आडवं होतं.

बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजाराच्या अभ्यासाला जुळी माणसं का लागली, ते या ओळीत उमगतं. धुळे-जळगावकडे सोयरीक जमवताना ‘घराण्यात कुणी वेडसर होतं का?’ ही चौकशी आडून आडून होतेच. पण आजार घराण्यात दिसला तरी तो बीजातून आला की एका छपराखाली वाढल्यामुळे, हे वंशावळ सांगत नाही.

१८७५ साली इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी या प्रश्नासाठी जुळ्यांकडे पाहिलं. खरी युक्ती मात्र १९२४ सालची, हेर्मान सीमेन्स या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाची. ते जुळ्यांच्या अंगावरचे तीळ मोजत. एकाच बीजांडातून झालेली एकरूप जुळी आणि दोन बीजांडांतून झालेली जुळी, दोन्ही एकाच घरात, एकाच वेळी वाढतात. तरीही एकरूप जोड्यांत साम्य जास्त निघालं, तर तो वाटा आनुवंशिकतेचा. पुढे आउशवित्झच्या छळछावणीत नाझी डॉक्टर योसेफ मेंगेलेने जुळ्या मुलांचे हाल केले, तेही संशोधनाच्या नावाखाली. ते वगळून ही कुळकथा सांगणं मला पटत नाही.

मनाच्या आजाराचं भरवशाचं उत्तर डेन्मार्कने दिलं. तिथे १९५४ पासून चर्चच्या जन्मनोंदी चाळून जुळ्यांची यादी होत होती, थेट १८७० पासून जन्मलेल्यांची. तिच्या आधारे १९७७ साली आक्सेल बेर्टेलसेन यांनी उन्मादाचे आणि नुसत्या नैराश्याचेही रुग्ण शोधले. एकाला आजार असताना दुसऱ्यालाही निघाला, असं एकरूप जोड्यांत १०० पैकी ६७ वेळा, इतर जुळ्यांत २० वेळा. २००३ साली लंडनच्या पीटर मॅकगफिन यांनी नुसता बायपोलर मोजला. आकडे आले ४० आणि ५.

४० आणि ५ मधली तफावत आनुवंशिकतेची. पण मला उरलेले ६० महत्त्वाचे वाटतात. बीज तंतोतंत तेच, तरी बायपोलर झाला नाही. सोयरिकीच्या बैठकीत हे ६० कुणी मांडत नाही.

घराण्याचा तोच प्रश्न मानसोपचाराचे डॉक्टरही विचारतात, पण वेगळ्या कारणाने. लिथियम हे औषध एका नातेवाइकाला लागू पडलं असेल, तर दुसऱ्यालाही पडण्याची शक्यता वाढते. तिथे मामाचा आजार आणि त्याच्या गोळीचं नाव, दोन्ही मोकळेपणी सांगावं.